मॅनेजरच्या खांद्यावरचा टॉवेल

लातूर,
४ जानेवारी २०२५

ती. शिवगंगाक्कास,
शरणु शरणार्थी.

फोनच करणार होतो, पण तुझ्या कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतंय. मग मी इकडं ओरडतो आणि तू तिकडं "कोण गेलं रे?" म्हणून रडायच्या बेतात येतीस. त्यापेक्षा कागद बरा. येळवसेच्या अमावस्येला शेतात जेवायला तू आली न्हाईस. आंबील लई उरली, भज्जी दुसऱ्या दिवशीबी खाल्ली. ते असू दे.

तुझ्या बजरंगनं घोळ घालून ठेवलाय.

तुझ्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारं हे किनवटकडचं पोरगं चौदा वर्षांमागं तूच माझ्याकडं धाडलंस. "याला फुटबॉलशिवाय काही येत न्हाई, कुठंतरी चिकटव," अशी चिठ्ठी होती तुझी. मी आमच्या गोलाई स्पोर्टिंगमध्ये चिकटवला. आज तो त्याच टीमचा मॅनेजर हाय. पोरं निवडायची त्यानं, पळवायची त्यानं, दवाखान्यात न्यायची त्यानंच. अख्खं लातूर त्याला सर म्हणतंय. पहिल्या मॅचला त्याच्यापाशी घाम पुसायला काही नव्हतं म्हणून मी माझ्या कापड दुकानातला कोरा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. ती मॅच जिंकलो. तवापासून एकही मॅच मी टॉवेल टाकल्याशिवाय सुरू झाली न्हाई. मी समर्थक मंडळाचा अध्यक्ष, पण खरं काम म्हणशील तर टॉवेलच.

टीम फायनलला पोचली म्हणून परवा सत्कार ठेवला. हॉल गच्च. शाल झाली, नारळ झाला, "दोन शब्द बोला" झालं. बजरंगचं बोलणं तुला ठाऊक हाय, दोन शब्द म्हणलं की तो खरंच दोनच बोलतो. मग पुढारी माईकवर आले. म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा लातूरकरांना. नवं विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं?"

लातूर का नांदेड, हे भांडण किती वर्षांचं हाय ते मी तुला काय सांगू. त्याच्यापायी भाऊजी आणि मी एकाच ताटाजवळ बसून बोलत नव्हतो. हॉलमधले सगळे "लातूर" ऐकायला हात वर करून बसलेले, टाळीसाठी. आणि हा म्हणाला, "नांदेडला." नमस्कार केला आणि खाली बसला.

अक्का, वर केलेले हात तसेच राहिले. खाली कसे आणावेत तेच कुणाला कळंना. मी स्टेजवरच होतो. माझे हात तर सगळ्यात वर होते.

आता गोलाईच्या बाजारात दुसरा विषय न्हाई. गिऱ्हाईक कापड बघायच्या आधी विचारतंय, "तुमचा मॅनेजर काय बोलला?" तूच त्याला काही पढवलंस का? खरं सांग.

तुझा,
रामलिंग


नांदेड,
९ जानेवारी २०२५

चि. रामलिंग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. सून येऊन बघून गेली, हिला काय झालं म्हणून.

मी कुणाला पढवायला बसले नाही रे. मला स्वतःच्या नातवाला पाढे पढवता येईनात. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. लातूरच्या स्टेजवर, लातूरच्या पुढाऱ्यापुढं, लातूरची शाल पांघरून माझ्या नांदेडचं नाव घेतलं पोरानं. गल्लीत मी चार घरी सांगून आले. आमच्या गल्लीतल्या मन्मथअप्पाच्या मंडळानं तर त्याला नांदेडला बोलवायचं काढलंय.

तू इतका का तापलास? तुझ्या टीमला फायनलला नेलं ते कुणी? तो मॅनेजर आहे, जिल्हाधिकारी नाही. आयुक्तालय त्याच्या सांगण्यावरून कुठं जाणार आहे का? तुझा शिंपी कुणाला मत देतो ते तू कधी विचारलंस? काजं बरी करतो म्हणून त्याच्याकडं जातोस ना.

असं मी लिहिलं खरं, पण लिहिता लिहिता मला दुसरंच वाटायला लागलं. त्याचं मत तुला बघायचं कारण नाही, तर मग मला तरी त्याचा एवढा आनंद कशाचा झाला? माझ्या बाजूनं बोलला म्हणूनच ना. हे काही मला नीट सुटून नाही राहिलं.

एक कर. तो तसं का बोलला ते त्याला विचार. मला थोडंफार ठाऊक आहे, पण ते मी सांगण्यासारखं नाही. त्याचं त्यानं सांगावं. तोवर घाई करू नको. तुझा हात लवकर चालतो.

टॉवेल मात्र चांगल्यातला देत जा. मागं मला दिलास तो दोन धुण्यांत विरला.

तुझी,
अक्का


लातूर,
१५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शरणु शरणार्थी. संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवलाय.

काळजी सोड. प्रकरण मी मिटवलं.

त्याला विचारायचं माझ्या मनात लई होतं. दोनदा मैदानावर गेलो. तो पोरांना कोपऱ्यातून चेंडू मारायला शिकवत होता. मला बघून म्हणाला, "काका, बसा, चहा येतोय." मी चहा पिऊन आलो. कसं विचारायचं असतंय हे? चौदा वर्षांत आम्ही चेंडू, पोरांचे गुडघे आणि टॉवेल सोडून दुसरं काही बोललोच न्हाई, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

मग मी आपल्याकडं जी रीत हाय ती केली. इथल्या एका सायंदैनिकात सोमवारी खुलासा छापून आणला. कात्रण सोबत हाय, तरी लिहितो: "जाहीर खुलासा. दि. २ रोजीच्या सत्कार समारंभात माझ्या तोंडून अनवधानाने नांदेड शहराचे नाव गेले. आयुक्तालय लातूर येथेच व्हावे, असे माझे ठाम मत आहे. लातूरकरांच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे. बजरंग, मॅनेजर, गोलाई स्पोर्टिंग." मजकूर माझा हाय. 'अनवधानाने' हा शब्द मला आपोआप सुचला, ज्याला दाखवला त्या वकिलानंबी नावाजला.

छापून आल्यापासून बजरंग काही बोलला न्हाई. म्हणजे मान्य असणार.

तुझ्या शिंप्याच्या गोष्टीवर मी रात्रभर विचार केला. बरोबर वाटती आणि चुकतीबी. चार वर्षांमागं आमचं मैदान दुकानांच्या गाळ्यांसाठी देणार होते, तवा याच बजरंगनं माईकवर उभं राहून साहेबालोकांना चार शब्द सुनावले होते. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन गोलाईला चक्कर मारली. माझ्या याच खांद्यावर होता. तवा "मॅनेजरनं असल्यात पडू नये" असं एकाच्याबी तोंडून आलं न्हाई. ते राजकारण नव्हतं का? होतं की. पण आपलं होतं. आता माणूस तोच हाय आणि मत मात्र नको झालंय. चांगला माणूस आणि असलं मत, हे एका अंगात राहतंय तरी कसं, मला काही कळंना झालंय.

मंडळात एक कागद फिरून राहिलाय. मॅनेजर बदला म्हणून सह्या घेऊन राहिलेत. बसवंत सेक्रेटरी घेऊन हिंडतोय. मी म्हणलं, बघू.

तुझा,
रामलिंग


नांदेड,
१९ जानेवारी २०२५

रामलिंग,

आशीर्वाद आज मागं ठेवते. आधी बोलून घेते.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी बजरंग माझ्याकडं आला होता. खिशातून तुझं ते कात्रण काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, "मावशी, हे मी बोललो नाही. आता नाही म्हणालो तर काका खोटे ठरतात. गप बसलो तर मी. म्हणून गप बसलोय." तू त्याला मान्य धरलंस. रामलिंग, त्यानं तुझी अब्रू सांभाळली आणि तू वर वकिलाची शाबासकी सांगतोस.

आता ऐक. त्याचं त्यानं सांगावं म्हणाले होते, पण तो तुला कधी सांगणार नाही.

त्याचा बाप दगडोबा. भावकीतला साडेतीन एकरांचा वाद आयुक्तांपुढं गेला होता, तेव्हाच्या औरंगाबादला. किनवटहून निघायचा, रात्री माझ्या माडीवर लेकाजवळ टेकायचा, पहाटे पुढची गाडी. अकरा तारखा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी वकील दुसरीकडं, कधी पुढची तारीख. प्रत्येक वेळी तो धोतर धुऊन माझ्या दोरीवर वाळत घालायचा, साहेबापुढं स्वच्छ जावं म्हणून. बाराव्या तारखेला गाडी पाच तास उशिरा पोचली. कचेरी उठली होती. पुढं टपालानं कागद आला. बजरंगनं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचला: "अपीलदार गैरहजर. सबब अपील फेटाळण्यात येते." दगडोबा म्हणत राहिला, "मी तर गेलो होतो. पोरा, त्यांना सांग, मी हजर होतो." मरेपर्यंत दुसरं काही बोलला नाही तो. शेत गेल्याचं दुःख केलं नाही, त्या एका शब्दाचं केलं.

किनवटच्या माणसाला औरंगाबादही लांब आणि लातूरही लांब. म्हणून नांदेड. त्यात तुझ्या लातूरचा काय अपमान आहे?

असं मी तुला खडसावलं, आणि आता माझंही ऐक, कारण मीही काही फार शहाणी नाही. १७ तारखेला मन्मथअप्पाच्या मंडळानं त्याचा सत्कार केला. मीच पुढं होऊन बोलावून घेतला, हे तुला लिहिलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसले. इथंही दोन शब्द बोला. म्हणाला, "आयुक्तालय नांदेडला व्हावं. आणि किनवटचा वेगळा जिल्हा व्हावा. आमच्या माणसाला नांदेडही लांबच पडतं." झालं. आमच्या जिल्ह्याचे तुकडे करायला निघाला म्हणून लोक उठायला लागले. शाल अंगावर घातलेली होती, ती काढून घेता येईना, पण जेवणाचं कुणी विचारलं नाही. मी घरी आणून वाढलं.

वाढताना मलाही राग आलेला होता, रामलिंग. मी त्याला माझ्या गावाचा समजून बसले होते. तो दगडोबाचा निघाला.

तू आता काय करणार आहेस?

अक्का


लातूर,
२८ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शरणु शरणार्थी.

तुझं पत्र चार दिवस गल्ल्यावर पडून हाय. रोज उघडतो, रोज घडी घालतो.

त्या दगडोबाला मी एकदा बघितलं असंल. तुझ्याकडं राखीपुनवेला आलो होतो तवा माडीच्या जिन्यावर एक म्हातारा बसला होता. मी त्याला "पाणी आण" म्हणलं होतं, तुझ्याकडचा गडी समजून. त्यानं आणून दिलं.

९ फेब्रुवारीला फायनल हाय. समोर नांदेडचीच टीम. आता तूच सांग. जिंकलो तर म्हणतील, खुलासा केला म्हणून जिंकला. हरलो तर म्हणतील, विकला गेला. मंडळानं ठरवलंय की त्या दिवशी कुणी मैदानात पाऊल ठेवायचं न्हाई. अध्यक्ष म्हणून मलाच ते सगळ्यांना सांगायला लावलं. मी सांगितलं.

मला अजूनबी वाटतंय की आयुक्तालय लातूरलाच पाहिजे. तुझं पत्र वाचूनबी तेच वाटतंय. दगडोबाचं वाईट वाटतंय आणि तरी तेच वाटतंय. मी दगड हाय का?

दुकानात टॉवेलचा नवा गठ्ठा आलाय. वरचा एक काढून बाजूला ठेवला, मग परत गठ्ठ्यात घातला. तू येतीस का त्या दिवशी? तू आलीस तर मला काहीतरी ठरवता येईल.

तुझा,
रामलिंग


नांदेड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. रामलिंग,
अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेले यातच धर.

मी येत नाही. आले तर कुणासाठी टाळी वाजवू ते मलाच कळायचं नाही, आणि तू माझ्या तोंडाकडं बघून ठरवशील. लहानपणीही तू असाच होतास. जत्रेत पाळण्यात बसायचं का नाही हे मला विचारायचास, आणि उलटी झाली की माझं नाव सांगायचास.

तू दगड नाहीस. मत असू दे तुझं लातूरचं. मी काही नांदेड सोडलेलं नाही. पण दोन पत्रांत तू एक गोष्ट गिळलीस. त्या सह्यांच्या कागदाचं पुढं काय झालं? तू "बघू" म्हणालास, आणि मग गप. मी तुझी थोरली बहीण आहे. तुझं "बघू" मला कळतं.

त्या कागदावर तुझी सही आहे का?

अक्का


लातूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शरणु शरणार्थी.

हाय. पहिलीच माझी हाय.

६ जानेवारीला केली. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच्या दोन दिवसांनी, तुझं उत्तर यायच्याबी आधी. अध्यक्षाची सही वर असल्याशिवाय खाली कुणी करत न्हाई, म्हणून बसवंत आधी माझ्याकडं आला होता. खुलासा छापला तो त्या सहीवर पांघरूण घालायला. लोक शांत झाले तर कागद आपोआप मागं पडंल, असा माझा हिशोब. तसं झालं न्हाई. माझ्या खाली चाळीस सह्या झाल्या. तुला "बघू" लिहिलं तवा मी करून बसलो होतो. लाज वाटती, पण लिहितो.

आता कालचं सांगतो.

घरात बसवंना. साडेतीनला गठ्ठ्यातला टॉवेल काढला, सदऱ्यात घातला आणि निघालो. मैदानात आपली म्हणावी अशी माणसं दहा-बारा. बाकी सगळं लातूर कंपाऊंडच्या भिंतीवर चढून बसलेलं. आत पाय ठेवायचा न्हाई म्हणून ठरलं होतं ना, म्हणून भिंतीवर, लिंबाच्या झाडावर, बाहेर लावलेल्या टेम्पोच्या टपावर. बसवंत स्वतः भिंतीवर, एक पाय आत आणि एक बाहेर. मी फाटकातून आत शिरलो तसा वरून ओरडला, "अप्पा, कुठं चाललात? तुम्हीच सांगितलं होतं की." मी चालत राहिलो.

बजरंग लाईनीजवळ उभा होता. मला बघितलं आणि सवयीनं मान वाकवली. टॉवेल माझ्या हातात, पण हात काही उठंना.

मी म्हणलं, "बजरंग, त्या कागदावर पहिली सही माझी हाय."

"माहीत हाय काका. तुमचं अक्षर चौदा वर्षं बघतोय, पोरांच्या औषधासाठी मेडिकलवाल्याला लिहिता त्या चिठ्ठ्यांवर."

"खुलासाबी मीच छापला."

"ते तर वाचल्या वाचल्या कळलं. अनवधानाने हा शब्द मला म्हणता पण येत न्हाई."

"मत बदललं का तुझं?"

"न्हाई."

"माझंबी न्हाई."

"मग टाका टॉवेल," तो म्हणाला. "पोरं थांबलीत."

टाकला.

मॅच हरलो, अक्का. एकच गोल, तोबी शेवटच्या पाच मिनिटांत. आमचा गोल असा झालाच न्हाई, आणि एकदा चेंडू दांडीला लागून परत आला तवा भिंतीवरून अर्ध्या लोकांनी "अरेरे" केलं आणि लगेच तोंडावर हात ठेवले, आपण रुसलोय हे आठवून. शिट्टी झाली तसं एकानं टेम्पोवरून सुरू केलं, "विकला, मॅनेजर विकला." मग भिंत सगळीच ओरडायला लागली. बसवंत कागद घेऊन खाली उतरला. म्हणाला, "अप्पा, आता मीटिंगचीबी गरज न्हाई. आजच लागू करू."

मी म्हणलं, "आण इकडं. माझी सही खोडायची हाय."

तो म्हणाला, खोडता येत न्हाई, खाडाखोड केलेला कागद चालत न्हाई. ते त्याचं बरोबर हाय. मग मी त्याचाच पेन घेतला आणि माझ्या सहीखाली लिहिलं. सगळ्यांसमोर लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी वकिलाला विचारलं न्हाई. लिहिलं ते असं:

"खुलासा. आयुक्तालय लातूरलाच व्हावे. बजरंगचे मत वेगळे आहे आणि ते त्याने शुद्धीत सांगितले आहे. १३ तारखेचा खुलासा माझा होता, त्याचा नव्हे. मॅनेजर तोच राहावा. ही मॅच मी आत बसून पाहिली, कुणी विकली नाही. रामलिंग, हजर."

बसवंत कागद उलटा-सुलटा करून बघत बसला. अध्यक्षाची सही मॅनेजर काढा म्हणती, खालचा मजकूर मॅनेजर ठेवा म्हणतोय, आणि आयुक्तालय परत लातूरला. याचा अर्थ काय लावायचा, म्हणतोय. मी म्हणलं, मलाबी नक्की माहीत न्हाई. रविवारी मीटिंग हाय. तिथं मला काढतात का त्याला, का दोघांला, देव जाणे. भिंतीवरचे काही लोक मात्र खाली उतरले, आतल्या बाजूला. काही बाहेरच्या. मी मोजले न्हाईत.

बजरंगनं कागद मागून घेतला. सगळा वाचला. शेवटच्या शब्दावर त्यानं बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मला वाटलं काही चुकलं का लिहायला.

"काका," म्हणाला, "माझ्या बापाच्या कागदावर एवढाच शब्द पाहिजे होता."

मग त्यानं टॉवेल तोंडाला लावला. लई वेळ लावून ठेवला. घाम असंल म्हणून मी दुसरीकडं बघत उभा राहिलो.

तुझा,
रामलिंग